राष्ट्रध्वजावरील धम्मचक्र : इतिहास आणि अर्थ

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला आपण राष्ट्रध्वजाला वंदन करतो. वैशाखी पौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहारावर पंचशील ध्वज फडकवतो. १४ एप्रिलला तर निळ्या झेंड्यांनी साऱ्या वस्त्या फुलून जातात. तीनही ध्वज आपल्या जिव्हाळ्याचे आहेत. परंतु त्यांचा इतिहास, त्यांचा अर्थ आणि त्यांच्यातील फरक आपल्यापैकी किती जणांना नेमकेपणाने सांगता येईल? विद्यार्थ्यांच्या बैठकीत तर काही प्रश्न हमखास निघतात. राष्ट्रध्वजावरील चक्र कोणाचे? ते तेथे कोणी आणले? त्याला चोवीसच आरे का? चरखा काढून चक्र का घेतले? या प्रश्नांची उत्तरे भावनेच्या भरात देण्यापेक्षा इतिहासाच्या आधाराने द्यावीत, या हेतूने आम्ही हा लेख स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. तथागतांनी कोणतीही गोष्ट पारखून घ्यावयास सांगितले. आपल्या अभिमानाच्या गोष्टींनाही तोच नियम लावला पाहिजे.

ध्वजाची वाटचाल

आजचा तिरंगा एका दिवसात तयार झाला नाही. बंगालच्या फाळणीविरुद्ध चळवळ चालू असताना ७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्याच्या पारशी बागान चौकात एक तीन रंगी झेंडा फडकविण्यात आला. पुढील वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, मादाम भिकाजी कामा यांनी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा जगापुढे धरला. १९१७ मध्ये होमरूल चळवळीचा वेगळा झेंडा निघाला. या प्रत्येक झेंड्याचे रंग आणि चिन्हे निराळी होती. देश कोणता हे सर्वांना ठाऊक होते; देशाचे चिन्ह कोणते, हे मात्र अजून ठरावयाचे होते.

१९२१ मध्ये बेजवाडा (आजचे विजयवाडा) येथील काँग्रेस समितीच्या बैठकीच्या वेळी आंध्रचे पिंगली वेंकय्या यांनी आपण तयार केलेला झेंडा गांधीजींना दाखविला. त्यात गांधीजींच्या सूचनेवरून पांढरा पट्टा आला आणि चरखाही आला. हाच चरख्याचा झेंडा घेऊन १९२३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील नागपूर येथे झेंडा सत्याग्रह झाला. सरकारने बंदी घातलेल्या भागातून झेंडा नेण्याचा हक्क मिळविण्यासाठी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक नागपूरला आले आणि तुरुंगात गेले. ऑगस्ट १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा रंगांचा क्रम ठरविला. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा व पराक्रम असा अर्थ दिला आणि या रंगांचा कोणत्याही जातिधर्माशी संबंध नाही, असे स्पष्ट केले.

या ध्वजासाठी लहान मुलांनीही प्राण दिले आहेत. आपल्या नाशिक विभागातील नंदुरबार येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात हुतात्मे झाले. विद्यार्थी मित्रांनी हे नाव विसरता कामा नये.

१९३० चे नाशिक

हा इतिहास सांगताना त्याच काळातील आपल्या समाजाचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून मिठाच्या सत्याग्रहासाठी निघाले. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने मंदिरापर्यंत चालत गेले. दरवाजे बंद करण्यात आले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा वर्षानुवर्षे चालविला. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

एकीकडे देश परक्यांकडे स्वातंत्र्य मागत होता. दुसरीकडे त्याच देशातील लाखो माणसे आपल्याच देशबांधवांकडे साधी माणुसकी मागत होती. तेव्हा एखाद्या सत्याग्रहीने 'या झेंड्यात माझे काय आहे?' असे विचारले असते, तर त्याला दोष देता आला नसता. राष्ट्रध्वजाच्या इतिहासातील १९४७ सालचा बदल आपल्याला समजून घ्यावयाचा असेल, तर हा प्रश्न मनाशी ठेवूनच तो समजून घेतला पाहिजे.

२२ जुलै १९४७

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा संविधान सभेने राष्ट्रध्वज ठरविण्यासाठी जून १९४७ मध्ये एक समिती नेमली. अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, चक्रवर्ती राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुन्शी यांच्याबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही या समितीचे सदस्य होते. काँग्रेसचा तिरंगा हाच आधार घ्यावा; मात्र तो एका पक्षाचा न राहता साऱ्या राष्ट्राचा व्हावा, या दिशेने विचार झाला.

२२ जुलै १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडला. त्यांनी सभागृहाला एक रेशमी आणि एक खादीचा असे दोन ध्वज दाखविले. चरख्याच्या जागी चक्र का, याचे कारणही त्यांनी सांगितले. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. संपूर्ण चरखा काढला तर एका बाजूने चाक पुढे व चाती मागे, दुसऱ्या बाजूने उलटे असे दिसते. म्हणून चरख्याचे चाक तेवढे ठेवले. आणि हे चाक कोणते घ्यावे? तर सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील सिंहशीर्षावरील चक्र. नेहरूंनी अशोकाच्या नावाशी आपल्या ध्वजाचा संबंध जोडला गेला याबद्दल आनंद व्यक्त केला.

ठरावाचे शब्द नीट पाहिले, तर चक्र हे चरख्याचे प्रतीक आहे आणि त्याचा आकार सारनाथच्या चक्राचा आहे, असे दोन्ही त्यात आहे. चर्चेत डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ नव्याने सांगितला : केशरी म्हणजे निरिच्छ त्याग, पांढरा म्हणजे सत्याच्या मार्गाचा प्रकाश, हिरवा म्हणजे ज्या मातीवर व वनस्पतींवर आपले जीवन अवलंबून आहे तिच्याशी नाते, आणि चक्र म्हणजे धर्माचा नियम व गती. हरि विष्णु कामत यांनी चक्रात स्वस्तिक घालावे अशी सूचना आणली होती. ती त्यांनी मागे घेतली. ठराव मंजूर करताना सारे सभागृह उभे राहिले. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हंसा मेहता यांनी भारतातील स्त्रियांच्या वतीने हा ध्वज संविधान सभेला अर्पण केला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. 'अशोकचक्र बाबासाहेबांनी एकट्यांनी बसविले' असे आपल्या सभांमधून अनेकदा सांगितले जाते. कागदोपत्री दिसते ते असे, की निर्णय समितीचा होता, ठराव नेहरूंचा होता आणि बाबासाहेब त्या समितीचे जबाबदार सदस्य होते. पुढे बौद्ध धम्मासाठी आपण काय केले हे सांगताना बाबासाहेबांनी अशोकचक्राच्या स्वीकाराचा उल्लेख केल्याची नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. ज्यांना नाशिकला मंदिराच्या दारात अडविले, तेच नेते सतरा वर्षांनी राष्ट्राचा ध्वज ठरविणाऱ्यांच्या पंक्तीत बसले आणि तथागतांच्या पहिल्या उपदेशाचे चिन्ह राष्ट्राने मस्तकी धरले. यात वाढवून सांगण्यासारखे काहीच नाही. विरोधकाने कागद पुढे केल्यावर खाली पाहावे लागेल असे काही आपण बोलू नये.

सारनाथचे चक्र

आता ते चक्र मुळात कशाचे, हे पाहू. बुद्धत्व प्राप्त झाल्यानंतर तथागत वाराणसीजवळ ऋषिपतन मृगदाव येथे आले आणि आषाढ पौर्णिमेला त्यांनी पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला. हेच आजचे सारनाथ. देहदंड आणि भोगविलास ही दोन्ही टोके टाळा, मध्यम मार्गाने चला. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होतो आणि त्यासाठी आर्य अष्टांगिक मार्ग आहे, हा त्याचा सारांश. या उपदेशालाच धम्मचक्र प्रवर्तन म्हणतात. राजाच्या रथाचे चाक जेथवर जाते तेथवर त्याची सत्ता चालते, अशी जुनी कल्पना होती. तथागतांनी चालविलेले चाक सत्तेचे नव्हते, सदाचाराचे होते. त्याला शस्त्राची गरज नव्हती.

सुमारे अडीचशे वर्षांनी सम्राट अशोकाने त्या जागी स्तंभ उभारला. कलिंगच्या युद्धातील संहार पाहून अशोकाला पश्चात्ताप झाला आणि धम्मविजय हाच खरा विजय, असे त्याने शिलालेखांतून कोरून ठेवले. त्याचे शब्द आपल्या महाराष्ट्रातही आहेत. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक येथे त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. आठव्या लेखात राजांच्या शिकारीच्या सहली बंद करून आपण धम्मयात्रा सुरू केल्याचे अशोक सांगतो.

सारनाथचा स्तंभशीर्ष १९०५ च्या सुमारास फ्रेडरिक ओर्टेल यांच्या उत्खननात मिळाला. सुमारे सात फूट उंचीचे, चुनारच्या वालुकाश्मातून घडविलेले, आरशासारखी झिलई असलेले हे शिल्प आज सारनाथच्या संग्रहालयात आहे. पाठीला पाठ लावून उभे चार सिंह, त्यांच्याखाली गोल पट्टी आणि पट्टीखाली उलटे कमळ. पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह हे चार प्राणी असून प्रत्येक दोघांच्या मध्ये एक चक्र आहे. त्या चक्राला चोवीस आरे आहेत. मूळ शिल्पात सिंहांच्या मस्तकावर आणखी एक मोठे धम्मचक्र होते. त्याचे तुकडे उत्खननात मिळाले. म्हणजे सिंहाचे बळही धम्माचा भार वाहण्यासाठी आहे, असा त्या शिल्पाचा अर्थ होतो.

२६ जानेवारी १९५० रोजी हेच सिंहशीर्ष भारताची राजमुद्रा झाले. तिच्याखालचे ब्रीदवाक्य मात्र मुंडक उपनिषदातील आहे. जुन्या संसद भवनात लोकसभा अध्यक्षांच्या आसनावर 'धर्मचक्र प्रवर्तनाय' ही अक्षरे कोरलेली आहेत. आपल्या खिशातील नाण्यावर, नोटेवर, सरकारी कागदावर सारनाथ आहे. आपण मात्र रोज पाहूनही पाहत नाही.

चोवीस आरे

चक्राला चोवीस आरे का, याची अनेक उत्तरे दिली जातात. कोणी दिवसाचे चोवीस तास म्हणतात, कोणी चोवीस सद्गुणांची यादी देतात. संविधान सभेच्या ठरावात आऱ्यांचा अर्थ दिलेला नाही. चक्र सारनाथप्रमाणे असावे एवढेच तेथे म्हटले आहे. म्हणून अमुक एकच अर्थ सरकारी आहे, असे विद्यार्थ्यांनी परीक्षेत लिहू नये.

बौद्ध परंपरेत जो अर्थ सांगितला जातो तो प्रतीत्य समुत्पादाचा. अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती आणि जरामरण या बारा कड्या आहेत. एकीमुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी अशी दुःखाची साखळी तयार होते. हा अनुलोम क्रम. अविद्या नाहीशी झाली की एकेक कडी तुटत जाते. हा प्रतिलोम क्रम. बारा आणि बारा मिळून चोवीस. अशोकाच्या शिल्पकाराच्या मनात हेच होते, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु शिकविण्यासाठी हा अर्थ फार उपयोगी आहे, कारण त्यात दुःख कसे निर्माण होते याबरोबरच ते कसे संपविता येते, हेही आहे. कोणतेही दुःख नशिबात लिहिलेले नसते. त्याला कारण असते आणि कारण दूर करता येते. अस्पृश्यतेचे दुःखही देवाने दिलेले नव्हते, माणसांनी निर्माण केलेले होते. म्हणूनच माणसांनी एकत्र येऊन, कायदा करून, शिक्षण घेऊन ते हटविता येते. बाबासाहेबांच्या साऱ्या चळवळीचे सूत्र या चक्रात वाचता येते.

त्रिरश्मी लेण्यांची साक्ष

चक्र पाहण्यासाठी नाशिककरांना सारनाथलाच गेले पाहिजे असे नाही. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात त्रिरश्मी बुद्धलेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, परंतु पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. तेथील शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आले असून त्यावरूनच त्रिरश्मी हे नाव रूढ झाले. तीन क्रमांकाचे लेणे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची माता गौतमी बलश्री हिने भिक्षुसंघाला दान दिले. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला लेख तेथे आजही वाचता येतो. त्या लेण्याच्या मागील भिंतीवर स्तूप कोरला असून त्यासोबत चक्र आणि सिंहही आहेत.

आरंभीच्या काळात बुद्धाची मूर्ती करीत नसत. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाऊलखुणा, स्तूप आणि चक्र यांतून बुद्ध दाखवीत. सांची आणि भारहूतच्या शिल्पांत माणसे चक्राला हात जोडून उभी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे सिंहस्तंभ आहे. म्हणजे सारनाथचे चक्र आणि सिंह ही उत्तरेकडून आलेली परकी चिन्हे नव्हेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच सह्याद्रीत, आपल्याच पूर्वजांच्या छिन्नीने ती कोरली गेली आहेत. प्रत्येक पालकाने मुलांना एकदा तरी त्रिरश्मी लेण्यांवर न्यावे आणि ती भिंत दाखवावी.

तीन ध्वज, तीन अर्थ

पंचशील ध्वजाचा जन्म श्रीलंकेत झाला. १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला कोलंबोमध्ये तो प्रथम फडकला. कर्नल हेन्री ऑल्कॉट यांच्या सूचनेने त्याचा आकार सुटसुटीत झाला आणि पुढे जागतिक बौद्ध संघटनेने तो आंतरराष्ट्रीय बौद्ध ध्वज म्हणून मान्य केला. १९५० मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे या संघटनेची स्थापना झाली, त्या परिषदेला बाबासाहेब उपस्थित होते. या ध्वजावर निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी असे पाच उभे पट्टे असून सहावा पट्टा या साऱ्यांच्या मिश्रणाचा आहे. निळा करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा, तांबडा मंगलाचा, पांढरा शुद्धतेचा आणि केशरी प्रज्ञेचा, असा अर्थ सांगितला जातो.

निळा झेंडा हा आपल्या सामाजिक व राजकीय चळवळीचा. १९४२ मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून निळा रंग चळवळीशी जोडला गेला. मध्यभागी पांढरे अशोकचक्र असलेला निळा झेंडा आज गावोगावी दिसतो.

तिरंगा राष्ट्राचा, पंचशील ध्वज धम्माचा, निळा झेंडा चळवळीचा. यांत स्पर्धा नाही. तिरंग्यावर चक्र आहे म्हणून तो केवळ बौद्धांचा होत नाही. तो साऱ्या भारतीयांचा आहे. पण चक्र आहे म्हणून तो आपल्याला परकाही नाही.

ध्वज लावताना

आदर हा वागण्यातून दिसला पाहिजे, म्हणून सभासदांसाठी काही नियम येथे देत आहोत. १९७१ च्या कायद्याने राष्ट्रध्वजाचा अवमान हा गुन्हा आहे आणि २६ जानेवारी २००२ पासून भारतीय ध्वज संहिता लागू आहे. नागरिकाला सन्मानपूर्वक ध्वज फडकविण्याचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये मान्य केले.

ध्वजाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असावे. केशरी पट्टा वर असावा आणि गडद निळे चक्र दोन्ही बाजूंनी दिसावे. फाटका, मळका ध्वज लावू नये. ध्वजावर संस्थेचे नाव, घोषणा किंवा कोणाचेही चित्र छापू नये. बाबासाहेबांचे किंवा तथागतांचेही नाही. तिरंगा व पंचशील ध्वज एकाच काठीवर लावू नयेत आणि तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज नसावा. ओळीने ध्वज लावावयाचे असल्यास समोरून पाहणाऱ्याच्या अगदी डावीकडे तिरंगा असावा. ध्वज फडकविण्यापूर्वी त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास हरकत नाही. चढविताना झपाट्याने, उतरविताना सावकाश. जीर्ण ध्वज रस्त्यावर टाकू नये, तर एकांतात सन्मानाने, शक्यतो जाळून, नष्ट करावा. कागदी ध्वज कार्यक्रमानंतर मुलांकडून गोळा करून घ्यावेत.

डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. जुलै २०२२ पासून घरावर दिवसा व रात्रीही ध्वज ठेवता येतो. तरीही शक्य असेल तेथे खादीचाच ध्वज घ्यावा, असे आम्ही सुचवितो. आपल्या महाराष्ट्रात नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. तेवढीच कातणाऱ्या-विणणाऱ्या हातांना भाकर मिळते.

समारोप

चाक थांबले की गाडी थांबते. राष्ट्राने ध्वजावर चक्र घेतले, पण चक्रामागचा विचार किती घेतला? आजही अनेक गावांत पाण्यावरून, स्मशानावरून, वरातीवरून माणसाची जात विचारली जाते. ज्या पटांगणावर चक्रांकित ध्वजाला सलामी दिली जाते, त्याच पटांगणाच्या कडेला एखादे मूल वेगळे बसविले गेले, तर तो ध्वजाचा अवमानच आहे, मग कायद्याच्या पुस्तकात तसे लिहिलेले असो वा नसो. उलट आपल्या घरात मुलीचे शिक्षण थांबले, व्यसनापायी संसार मोडला, पोटजातीचा अभिमान शिल्लक राहिला, तर पंचशील ध्वजाखाली उभे राहण्याचा आपलाही अधिकार कमी होतो.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. तीच तत्त्वे संविधानाच्या उद्देशिकेत आहेत. म्हणून विद्यार्थी मित्रहो, येत्या २६ जानेवारीला मान वर करून ध्वजाकडे पाहाल तेव्हा त्या निळ्या चक्राकडे थोडे अधिक थांबून पाहा. ते सारनाथचे आहे, त्रिरश्मीचे आहे, आणि ज्यांना १९३० साली बंद दारापुढे बसावे लागले त्या आपल्या आजी-आजोबांचेही आहे. ते पुढे चालविणे आता तुमच्या हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!